गिरणगांवची वाटणी

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं वाटणीचा प्रसंग एकदां तरी येऊन गेला असेल. चार भाऊ, दोन काका, एखादी विधवा आत्या आणि मध्यें ओसरीवर पसरलेलें वाटणीपत्र, असें तें दृश्य असतें. त्या दिवशीं कोणी मोठ्यानें बोलत नाहीं. पण प्रत्येकाचे कान एकेका शब्दावर असतात. ‘घर’ लिहिलें कीं ‘घर व परसू’ लिहिलें, ‘विहीर’ लिहिली कीं ‘विहिरीचें पाणी’ लिहिलें, यावर पुढच्या दोन पिढ्यांचें सौख्य वा वैर अवलंबून असतें. आमच्या घरांतले वडीलधारे म्हणत असत कीं, वाटणी काठीनें होत नाहीं, लेखणीनें होते. आणि जो त्या दिवशीं ओसरीवर हजर नसतो, त्याचा वाटा हळूच दुसऱ्याच्या परसांत सरकतो.

या महिन्यांत आम्ही अशाच एका वाटणीची हकीकत वाचकांपुढें मांडणार आहों. ही वाटणी एका कुटुंबाची नव्हे, एका शहराची आहे. जमीन सुमारें ६०० एकर. आणि तीहि कोठें दूर माळावर नव्हे, तर मुंबईच्या ऐन पोटांत, लालबाग, परळ, शिवडी, प्रभादेवी, वरळी आणि भायखळा या भागांत. भरल्या शहराच्या मध्यभागीं एवढी मोठी जागा मोकळी होण्याचा योग शतकांतून एखाद्या वेळींच येतो. त्या जागेंत बागा, पायवाटा, स्थानकांचे प्रशस्त रस्ते आणि बेताच्या किमतीचीं घरें यांना भरपूर वाव होता. इतकेंच नव्हे, तर त्यांचा वाटा कायद्यानें लिहूनहि ठेवला होता. मग तो वाटा गेला कोठें, हें पाहण्यासारखें आहे.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं काढलेल्या कंपनीची. ती १८५६ सालीं ताडदेव येथें सुरू झाली. पुढच्या शंभर वर्षांत रत्नागिरी, सातारा, पुणें, कोल्हापूर या भागांतून माणसें आलीं, आणि भोंग्यावर उठणारें व भोंग्यावर निजणारें एक गांवच शहराच्या आंत उभें राहिलें. एकाच खोलींत पाळीपाळीनें झोपणारे पुरुष, त्यांच्याकरितां खानावळी चालविणाऱ्या बायका, भजनी मंडळें आणि गणपतीचे मांडव हा त्या गांवाचा संसार होता. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लक्ष कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागें घेतला गेलाच नाहीं. संपकरीच हळूहळू विरून गेले. कित्येक गिरण्या पुन्हा उघडल्या नाहींत, उघडल्या त्या रडतखडत चालल्या. यंत्रें जुनीं झालीं होतीं, यंत्रमागाचें कापड स्वस्त पडत होतें. आणि मालकांच्या ध्यानांत येऊं लागलें कीं चात्यांवरच्या सुतापेक्षां चात्यांखालची जमीन अधिक मोलाची आहे.

गिरणीची जागा मन मानेल त्या कामाला लावण्याची तेव्हां मोकळीक नव्हती. १९९१ सालच्या विकास नियंत्रण नियमावलींत ५८ व्या क्रमांकाचा नियम आला, आणि त्यानें ती वाट कांहीं अटींवर उघडली. गंमत अशी कीं या वादांतल्या गिरण्याहि ५८ च. मुख्य अट ही होती: गिरणी पाडून जागेचा दुसरा उपयोग करावयाचा असेल, तर जागेचे स्थूलमानानें तीन वाटे करावेत. एक वाटा मैदानें, बागा व सार्वजनिक सोयी यांकरितां महानगरपालिकेस द्यावा. दुसरा बेताच्या किमतीच्या घरांकरितां सरकारच्या गृहनिर्माण संस्थेस, म्हणजे म्हाडास, द्यावा. तिसरा मालकानें ठेवावा. जागेच्या आकाराप्रमाणें टक्के थोडे खालींवर होत. परंतु एक वाटा शहराचा, एक बिऱ्हाडांचा व एक मालकाचा, हें तत्त्व स्पष्ट होतें. सगळ्या गिरण्यांना तें लावलें तर हिशेब शाळेंतल्या मुलांनाहि करतां येईल. शहराचे व बिऱ्हाडांचे दोन वाटे मिळून जवळजवळ ४०० एकर होतात.

येथें कोणी विचारील कीं, जमीन मालकाची. तींत शहराचा वाटा कसला? ही शंका रास्त आहे, म्हणून तिचें उत्तर दिलें पाहिजे. मिताक्षरेच्या मतें वडिलार्जित मिळकतींत मुलाचा हक्क जन्मतःच असतो, तो कोणीं कृपा म्हणून द्यावयाचा नसतो. शहराचा हक्क कांहींसा याच जातीचा आहे. गिरण्या बांधल्या तेव्हां परळ हें गांवाबाहेरचें ठिकाण होतें. त्याचा भाव वाढला तो शहरानें आणलेल्या पाण्यामुळें, रस्त्यांमुळें, आगगाडीमुळें आणि तीन पिढ्यांच्या घामामुळें. शिवाय जी जमीन कारखान्यासाठीं राखली होती, तिच्यावर मनोरे बांधण्याची परवानगी हें एक नवें दान होतें, आणि तें दान शहरच देत होतें. दान देणाऱ्यानें त्यांतला कांहीं भाग आपल्या मुलांच्या खेळण्यासाठीं मागितला, तर त्यांत अन्याय दिसत नाहीं.

तथापि १९९१ च्या नियमांत एक उणीव होती, ती झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. वाटे करावयाचे ते गिरणी पाडल्यावर. तेव्हां पुष्कळ मालकांनीं पाडण्याचें नांवच काढलें नाहीं. कांहीं ठिकाणीं जुन्या इमारती तशाच उभ्या ठेवून आंत नवा व्यापार थाटला गेला. इतरत्र दारांना कुलुपें लागलीं आणि कामगारांचीं देणीं थकून राहिलीं. १९९६ सालीं सरकारनें सुप्रसिद्ध वास्तुशिल्पकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालीं एक अभ्यासगट नेमला. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यांतील गिरण्यांच्या जागेचें काय करावें, हें त्यानें सांगावयाचें होतें. कोरियांच्या सल्ल्याचें सार असें कीं, हे तुकडे सुटे सुटे पाहूं नयेत. सगळ्या जागा एकत्र मांडाव्यात, म्हणजे मैदानें सलग होतील आणि रस्ते एकमेकांस मिळतील. परळ व एल्फिन्स्टन रोड हीं दोन स्थानकें जेथें जवळजवळ येतात, तेथें पायीं चालणाऱ्यांसाठीं मोठें मोकळें पटांगण असावें, असेंहि त्यांनीं सुचविलें. वाचकांनीं ही शेवटली सूचना ध्यानांत ठेवावी. तिची गांठ पुढें पडणार आहे. हा अहवाल कागदावरच राहिला.

मग २००१ साल उजाडलें, आणि वाटणीपत्रांतल्या एका शब्दाचा अर्थ फिरला. फेरफार केलेल्या नियमाप्रमाणें वाटे करावयाचे ते सबंध जागेचे नव्हेत, तर तींतल्या फक्त ‘मोकळ्या’ जागेचे. ज्या जागेवर पूर्वीपासून शेड उभी होती ती जागा, शेड पाडली तरी, वाटणींत येणार नव्हती. आतां गिरणी कशी असते हें ज्यानें पाहिलें आहे, त्यास या शब्दाचें वजन सांगावयास नको. कताईखाता, विणाईखाता, गोदामें, बॉयलर-घर, सगळें आवार छपरांनीं झांकलेलें. मोकळें काय तें दरवाज्यापासचें अंगण आणि एखादें तळें. ‘घर व परसू’ यांची वाटणी ठरलेली असतांना घर बाजूस काढून परसाचेच तीन भाग करावेत, तसें हें झालें.

सरकारची बाजू अशी होती कीं जुन्या अटींवर मालक पुढें येत नाहींत, जमीन पडून राहते आणि कामगारांचे पैसे बुडतात. तेव्हां कांहीं लोभ दाखविल्याशिवाय गाडें हलणार नाहीं. या म्हणण्यांत तथ्य मुळींच नव्हतें असें आम्ही म्हणणार नाहीं. मुंबईतील एका पर्यावरण-संस्थेनें हा प्रश्न न्यायालयांत नेला. ऑक्टोबर २००५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें शहराच्या बाजूनें कौल दिला, आणि मोकळी जागा म्हणजे पाडल्यानंतर मोकळी होणारी जागाहि होय, असा अर्थ लावला. परंतु मार्च २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय फिरवून सरकारचा नियम कायम केला. न्यायालयाचा निर्णय शिरसावंद्य आहे. पण न्यायालय वाटणीपत्र वाचून दाखवितें, तें लिहीत नाहीं. लिहिणारे आम्ही व आमचे प्रतिनिधी. आणि २००१ सालीं तो कागद लिहिला गेला, तेव्हां आमच्यापैकीं किती जण ओसरीवर होते?

त्या जमिनीचें मोल काय होतें, हें २००५ सालींच दिसून आलें होतें. मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारें साडेसतरा एकर जागा लिलावांत ७०२ कोटी रुपयांस गेली. पुढें धुराड्यांच्या जागीं मनोरे आले, भोंग्याच्या जागीं उद्वाहनांच्या घंटा आल्या. मनोऱ्यांशीं आमचें वैर नाहीं. आमच्या वाचकांचीं मुलें-सुना त्यांच्यांतल्या कचेऱ्यांत नोकरी करतात, आणि त्या नोकऱ्यांवर कित्येक घरांचे संसार चालले आहेत. परंतु एक साधा विचार कोणीं केला नाहीं. गिरणीकामगार चाळींतून निघून पायीं गिरणींत जाई. त्यास स्थानकाची गरज क्वचित पडे. कचेरींतला कारकून मात्र विरारहून येतो, कल्याणहून येतो, डोंबिवलीहून येतो. म्हणजे माणसें कमी झालीं नाहींत, फक्त तीं पायवाटेवरून उठून स्थानकाच्या जिन्यावर आलीं. आणि तो जिना होता तेवढाच राहिला.

२९ सप्टेंबर २०१७, शुक्रवार, दसऱ्याच्या आदला दिवस. सकाळीं कचेरीच्या वेळेस पाऊस आला. परळ व एल्फिन्स्टन रोड या स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर माणसें आडोशास थांबलीं, मागून गाड्यांमागून गाड्या रिकाम्या होत राहिल्या, आणि त्या चेंगराचेंगरींत २३ माणसें मेलीं. कोणाच्या घरीं दुसऱ्या दिवशींच्या तोरणाचीं फुलें आणावयाचीं होतीं, कोणाच्या घरीं संध्याकाळीं पाटी-पुस्तकें पूजेस मांडावयाचीं होतीं. जेथें कोरियांनीं एकवीस वर्षांपूर्वीं मोकळें पटांगण सुचविलें होतें, ती जागा हीच. पुढें सैन्यास बोलावून नवा पूल बांधविण्यांत आला, आणि तो फेब्रुवारी २०१८ मध्यें खुला झाला. म्हणजे जें काम पांच महिन्यांत होऊं शकत होतें, तें वीस वर्षांत झालें नव्हतें. तीनच महिन्यांनीं, २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीं, जवळच्याच कमला मिलच्या आवारांतील उपाहारगृहांस आग लागून १४ जीव गेले. गिरणीच्या आवारांत गर्दीच्या करमणुकी आल्या. बाहेर पडण्याच्या वाटांचा विचार मात्र मागें राहिला. वरळी-दादरच्या बाजूनें जाणारी भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पुरी झाली ती ऑक्टोबर २०२५ मध्यें. ती झाली हें चांगलेंच. पण पाहुणे जेवून उठल्यावर पाट मांडण्यासारखें तें झालें.

बिऱ्हाडांच्या वाट्याची कथा याहून करुण आहे. गिरणीच्या जागेवर बांधलेल्या घरांची पहिली मोठी सोडत जून २०१२ मध्यें निघाली, घरें ६,९२५. मार्च २०२० च्या सोडतींत ३,८९४ घरें होतीं. अर्ज मात्र पावणेदोन लक्षांच्या आसपास. अर्ज करणारा पुष्कळदां स्वतः कामगार नसतो. तो गेलेला असतो, आणि कागद घेऊन उभी असते ती त्याची विधवा किंवा नातू. उरलेल्यांना शेलू व वांगणी येथें घरें देण्याची योजना निघाली. हीं दोन्ही गांवें मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर, परळपासून कोसो कोस दूर. जुलै २०२५ मध्यें वृद्ध कामगार व त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले आणि त्यांनीं एकच मागणी केली कीं, घर मुंबईतच द्या. ज्यांनीं शहर विणलें, त्यांनीं शहरांत राहण्याची मागणी करावी लागावी, हें आम्हांस लाजिरवाणें वाटतें.

आतां थोडें आमच्या स्वतःच्या अंगणांत पाहूं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, आणि १८९८ सालीं सरकारनें सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. या ट्रस्टनें आखलेल्या दादर-माटुंगा वसाहतींत आधीं रस्ते आले, गटारें आलीं, झाडें लागलीं, पांच बागांची जागा सोडली गेली, आणि मग घरें उठलीं. तेथल्या हिंदु कॉलनींत आमच्यापैकीं कित्येकांचे आजे-पणजे राहावयास गेले. त्यांस दारापुढें सावली मिळाली, शाळा पायीं जाण्याच्या अंतरावर मिळाली आणि किंग्ज सर्कलपर्यंत ट्रामहि मिळाली. मात्र याच ट्रस्टनें जुन्या वस्तींत गोरगरिबांचीं जितकीं घरें पाडलीं, तितकीं पहिल्या कित्येक वर्षांत बांधलीं नाहींत, हेंहि तितकेंच खरें आहे. म्हणजे नीट आखलेल्या नगराचें सुख आम्हांस ठाऊक आहे, आणि तें दुसऱ्याच्या वाट्यास न आल्याचें दुःख आम्हीं कधीं फारसें मनावर घेतलें नाहीं. गिरण्यांचा प्रश्न हा कामगारांचा, त्यांच्या संघटनांचा, असें म्हणून आम्हीं वर्तमानपत्राचें पान उलटलें. त्या पुलावर जेव्हां पांढरपेशांचीं मुलेंहि अडकलीं, तेव्हां तो प्रश्न सर्वांचा असल्याचें कळून आलें.

निराश होण्याचें मात्र कारण नाहीं. वरळी, नायगांव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथें शंभर वर्षांपूर्वीं बांधलेल्या बी. डी. डी. चाळी आहेत, मूळच्या इमारती २०७, आणि खोली एकेका कुटुंबास १६० चौरस फुटांची. त्यांच्या पुनर्बांधणींत राहणाऱ्यांस त्याच जागीं ५०० चौरस फुटांचें घर द्यावयाचें ठरलें, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हातीं किल्ल्या पडल्या. उंच इमारतींतला देखभालीचा खर्च त्यांना कसा झेपेल, हा प्रश्न पुढें उभा आहेच. तरी राहणाऱ्यास उठवून लावल्याशिवाय जुनी वस्ती नवी करतां येते, एवढें यांतून सिद्ध झालें. पहिल्या कागदावरच त्यांचा वाटा चौरस फुटांत स्पष्ट लिहिला होता, ‘मोकळा’ अशा दुपदरी शब्दांत नव्हता.

यावरून आम्हांस जें सुचतें तें थोडक्यांत सांगतों. शहर नवें करतांना क्रम महत्त्वाचा. आधीं चालण्याची वाट व स्थानक, मग मैदान, मग तेथें पूर्वीपासून राहणाऱ्याचें घर, आणि शेवटीं मनोरा. हा क्रम उलटा केला कीं मनोऱ्यानें जमिनीचा भाव चढतो, आणि चढल्या भावांत बाग व गरिबाचें घर या दोन्ही गोष्टी ‘परवडत नाहींत’ असें ठरतें. घरांतहि आपण आधीं मुलांस व म्हाताऱ्यांस वाढतों, कर्ता पुरुष मागाहून बसतो. ज्यांना थांबतां येत नाहीं त्यांचें पान आधीं, हा पंक्तीचा नियम नगररचनेसहि लागू आहे.

आणि आमच्या वाचकांनीं काय करावें? १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम सांगतो कीं विकास आराखड्यांत फेरफार करावयाचा असेल, तर जाहीर सूचना देऊन नागरिकांच्या हरकती मागवाव्यात. त्या सूचना वर्तमानपत्रांत बारीक टाइपांत येतात, आणि आपण त्यांवर चहाची कपबशी ठेवतों. यापुढें कपबशी उचलून ती सूचना वाचावी. घरांत एखादा सेवानिवृत्त काका असेल, कायदा शिकणारी सून असेल, त्यांच्याकडे हें काम सोंपवावें. आपल्या स्वतःच्या इमारतीच्या पुनर्बांधणीचा करार पुढें येईल, तेव्हां स्वयंपाकघराची लांबीरुंदी जितक्या बारकाईनें पाहतां, तितक्याच बारकाईनें आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: मुलें खेळणार कोठें, स्थानकाकडे पायीं जाण्याची वाट रुंद होणार कीं अरुंद, आणि आपल्या घरीं रोज कामास येणाऱ्या बाई हा भाव चढल्यावर राहणार कोठें.

मुंबईंत बंदराच्या जमिनी आहेत, धारावी आहे. पुण्यांत जुने वाडे आहेत. वाटण्या अजून पुष्कळ व्हावयाच्या आहेत. कागद पसरला जाईल त्या दिवशीं ओसरीवर आपण असलें पाहिजे, आणि लेखणी ‘मोकळ्या’ या शब्दापाशीं थांबली कीं एवढेंच विचारलें पाहिजे: कोणासाठीं मोकळी?